ठोक्याचं कुलूप

जयसिंगपूरच्या बाराव्या गल्लीत कुणाच्या पोटात दुखलं तर ते आधी छायाक्कांना कळतं आणि मग ज्याचं पोट त्याला, असं लोक चेष्टेनं म्हणायचे.

चेष्टा म्हणा, पण गल्लीतली एकही नवी सून किंवा वयात आलेली पोरगी अक्कांना सोडून बायकांच्या डॉक्टरकडे गेली नव्हती. सासवांना सवड नसायची, आयांना लाज वाटायची. अक्कांकडे सवड भरपूर होती, आणि लाज म्हणाल तर दुसऱ्याच्या बाबतीत अजिबात नव्हती. रिक्षा ठरवण्यापासून नंबर लावण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. आत गेल्यावर बोलायच्याही त्याच. डॉक्टर विचारायच्या पोरीला आणि उत्तर यायचं अक्कांकडून. पोरगी आपली मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसायची. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या हातात पडायच्या आत अर्ध्या गल्लीला कळलेलं असायचं, की अमकीच्या पाळीची काय भानगड आहे. अक्कांच्या मनात पाप नव्हतं हो. कळलेली गोष्ट चारचौघींना सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, एवढंच.

एकच गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांची स्वतःची पाळी जाऊन चांगली पाच-सहा वर्षं झाली होती, आणि दिवाळीपासून मधूनच पुन्हा लाल डाग दिसायला लागला होता.

पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या न्हाणीघरात बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग कपडा धुतला, पिळला आणि साडीखाली लपवून वाळत घातला. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवालाही नाही. दवाखान्यात जायचं तर रिक्षा गल्लीतूनच जाणार. समोरची लताबाई दारात उभी असणारच. 'अक्का, आज कुणाला घेऊन चाललीस?' असं विचारणार, आणि रिक्षात दुसरं कुणी नसणार! पुढं कोण काय म्हणेल, कोण तोंडावर पदर घेऊन हळहळेल आणि कोण घरात जाऊन मोबाइल उचलेल, हे अक्कांना तोंडपाठ होतं. ही गल्ली त्यांनी स्वतःच शिकवून तयार केली होती. आता तिचीच भीती वाटत होती.

तेवढ्यात ईश्वरीचं प्रकरण उभं राहिलं. ईश्वरी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, गडहिंग्लजची, कॉलेजसाठी मावशीकडे राहिलेली. दर महिन्याला पोरगी पोट धरून अंथरुणात मुटकुळं करून पडायची, ओकायची. प्रॅक्टिकलं बुडायची. ओवा झाला, शेक झाला, हिंग झाला. शेवटी अक्का म्हणाल्या, "बास झालं. उद्या मुजावर बाईंकडं जायचं. मी सगळं बोलते, तू नुसती बस."

"मावशी, मला तयारी करायला लागेल आधी," ईश्वरी म्हणाली.

"कसली तयारी? परीक्षा हाय काय?"

परीक्षा नव्हती, पण तयारी होती. आता इथं जरा थांबून ठोक्याच्या कुलपाबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं ध्यानात येईल.

त्याच्या आधीची पद्धत अशी होती, की घरटी एक आरोग्यखातं आणि ते घरातल्या कर्त्याच्या मोबाइलवर. सोयीचं वाटलं होतं सगळ्यांना. पण सुनेचा रिपोर्ट सासऱ्याच्या खिशात वाजायला लागला. सुनेला दिवस गेलेत हे तिला कळायच्या आत दिराला कळायला लागलं. ठरलेली लग्नं मोडली, पोरींनी दवाखान्यात जाणंच सोडलं. मग कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कायदा आला, की खात्यात ज्याचं शरीर त्याचा वेगळा कप्पा, आणि कप्प्याचं कुलूपही त्याचंच.

मुजावर बाईंच्या दवाखान्यात ते नुकतंच बसलं होतं. दिसायला साधंच. तळहाताएवढी एक पाटी, तिच्यावर दोन बोटं ठेवायची. प्रत्येक हृदयातून विजेची एक बारीक लहर उठते आणि तिचा आकार माणसागणिक वेगळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. त्यावरून पाटी ओळखायची, की हे माणूस कोण. पण तेवढं पुरेसं नव्हतं. बोटं काय, कुणीही मनगट धरून ठेवायला लावेल! म्हणून शास्त्रज्ञांनी एक जुनीच गोष्ट कामाला लावली. आपल्या छातीचे ठोके घड्याळासारखे सारख्या अंतरानं पडत नाहीत. श्वास आत घेताना ते जरा जवळ येतात, सोडताना लांब जातात. माणूस मोकळा असला की हा झोका छान चालू असतो. पण मनातलं बोलणं दाबून धरलं, की माणूस नकळत श्वासही दाबून धरतो आणि झोका थांबतो. ठोके एका ओळीत उभे राहतात. पाटीला ते कळायचं.

तपासणीची भीती तर पहिल्या वेळी कुणालाही वाटतेच. ती भीती येते, ओसरते, पुन्हा येते, आणि कुलूप ती चालवून घ्यायचं. पण कुणीतरी ऐकतंय म्हणून गप्प बसलेली छाती आली की दिवा लाल. मोकळी असली की दिवा हिरवा, बारीकसा 'टुण्' आवाज, आणि कप्पा उघडला. जिवावर बेतलं तर डॉक्टरला कुलूप तोडता यायचं, पण का तोडलं याचा जाब द्यावा लागायचा.

तयारी म्हणजे एवढीच, की पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीनं घरी दार लावून मोबाइलवर आपल्या कप्प्याशी बोलायचं. शेवटची पाळी कधी आली, किती दुखतं, कशाची भीती वाटते, डॉक्टरांना काय विचारायचंय. तिथं गेल्यावर काय तपासतील, काय नको म्हणता येतं, हे तो कप्पा तिला समजावून सांगायचा. ईश्वरी दोन संध्याकाळी खोलीचं दार लावून बसली. अक्का दाराला कान लावून उभ्या राहिल्या, पण पोरगी कुजबुजत बोलत होती.

डॉक्टर मुजावर म्हणजे पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या, आवाजानं मऊ. त्यांनी ईश्वरीला पाटी दिली. ईश्वरीनं बोटं ठेवली. दिवा लाल.

"दुखतं हो तिला जरा," अक्कांनी सुरुवात केली. "बाकी पाळी अगदी वेळेवर. खाणंपिणं काही नाही, त्यानंच होतंय. माझ्या बहिणीलाही असंच—"

"ईश्वरी, सावकाश. पुन्हा ठेव," डॉक्टर म्हणाल्या.

लाल.

"बिघडलंय काय यंत्र?" अक्का.

डॉक्टरांनी भिंगावरून अक्कांकडे पाहिलं. "छायाताई, थोडा वेळ बाहेर बसता का?"

"मी? अहो मी मावशी तिची! सख्खी!"

"हो ना. म्हणूनच विनंती करते."

अक्का उठल्या. ईश्वरी वर बघेना. दार बंद झालं, अक्का बाकड्यावर टेकतात न टेकतात तोच आतून आवाज आला. टुण्.

तो एवढासा आवाज अक्कांना कानफटात मारल्यासारखा लागला. म्हणजे मी होते म्हणून उघडत नव्हतं? जिला मी मऊ भात कालवून घातला, जिच्यासाठी तीन वर्षं स्वतःची खोली मोकळी करून दिली, ती मला भिते? बाहेर रांगेतल्या दोघी बायका आपल्याकडेच बघतायत असं त्यांना वाटलं, आणि त्या खरंच बघत होत्या.

वाटेत रिक्षात त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"गोळ्या दिल्यात. एक तपासणी करायचीय."

"कसली?"

ईश्वरी मग म्हणाली, "मावशी, मागच्या वर्षी मी तुला एक गोष्ट सांगितलेली. दुसऱ्या दिवशी लताकाकू माझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आली आणि तिनं दारातच ओरडून विचारलं, की रक्त अजून जास्तच जातंय का. मागं शेजारचा पोरगा सायकल पुसत उभा होता."

"प्रेमानं आली होती गं ती."

"असेल. पण मी आठवडाभर मागच्या दारानं कॉलेजला जात होते."

अक्कांनी रिक्षावाल्याला खड्डे बघून चालव म्हणून उगाचच झापलं.

पुढच्या पंधरवड्यात आणखी एका सुनेला घेऊन गेल्या. लाल. मग एका कॉलेजच्या पोरीला. लाल. दोन्ही वेळा अक्का बाहेर, आणि दोन्ही वेळा पाठ टेकायच्या आत टुण्. गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ! लताबाईनं नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय अक्का, या वयात बाहेर बसायला लागलीस होय?" बायका पोट धरून हसल्या. अक्काही हसल्या. सकाळीच पुन्हा डाग दिसला होता, तो त्यांनी हसण्याखाली दडपला.

घरी येताच त्यांनी पैजेचा विडा उचलला. गल्लीच्या ग्रुपवर ठणकावून सांगितलं, "यंत्रच खोटं आहे. उद्या मी स्वतः जाऊन बोटं ठेवते. माझी छाती कुणाला भिते ते बघूच. फोन चालू ठेवते, सगळ्या ऐका!"

अक्कांच्या डोक्यातला खरा हिशेब वेगळाच होता बरं का. यंत्राला खोटं पाडायला म्हणून दवाखान्यात जायचं, म्हणजे कुणी का म्हणून विचारणार नाही. बायकांना तो टुण् ऐकवायचा, फोन बंद करायचा, आणि मग डॉक्टरांच्या कानात हळूच आपली गोष्ट घालायची. एका दगडात दोन कामं. इतकी नामी युक्ती सुचल्याबद्दल त्यांनी रात्रीच्या भाकरीवर लोणी जरा जास्तच घेतलं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी सोबत निघाली. अक्का नको म्हणाल्या, तरी आली. ती बाकड्यावर बसली आणि अक्का आत गेल्या. पर्समध्ये मोबाइल चालू, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लताबाईच्या सोप्यात अख्खी बारावी गल्ली चहा घेऊन बसलेली.

"तुमचा कप्पा कधी उघडलेलाच नाही की हो," डॉक्टर म्हणाल्या. "कधीच दाखवलं नाहीत कुणाला?"

"मला काय धाड भरलीय! बाळंतपणं झाली तेवढीच. आणा ती पाटी इकडं."

बोटं ठेवली. लाल.

अक्कांनी बोटं पदराला पुसली. पुन्हा ठेवली. लाल. "गार पडलेत हात," त्या म्हणाल्या आणि हात चोळले. लाल. कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी सिस्टरला बाहेर पाठवलं. दार लावलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. तरी लाल.

"छायाताई, मनात काही आहे का? खोलीत आता आपण दोघीच आहोत."

"दोघीच," अक्का म्हणाल्या, आणि त्याच क्षणाला पर्समधून लताबाईचा खणखणीत आवाज आला.

"अगं झालं का नाही? हिरवा झाला काय गं अक्का?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कपबशी वाजली.

डॉक्टरांनी पर्सकडे पाहिलं. मग अक्कांकडे. हसू त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं, पण अक्कांचा चेहरा बघून त्यांनी ते मागे घेतलं. अक्का पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आयुष्यभर ज्या बायकांच्या जिवावर त्या जगल्या, त्या सगळ्या त्या पर्समध्ये बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर एक शब्द तोंडातून फुटेना. ईश्वरी या खुर्चीत कशी बसली असेल ते त्यांना तेव्हा कळलं. पोरगी मावशीला भीत नव्हती. मावशीच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्या गल्लीला भीत होती.

त्यांनी मोबाइल बाहेर काढला. "लते," त्या म्हणाल्या, "यंत्र खरं आहे. मी हरले. आता ठेव."

"अगं पण—"

फोन बंद. नुसता बंद नाही, बटण दाबून पुरता विझवला आणि टेबलावर उपडा ठेवला. पैज हरल्याचं कबूल करायची बाराव्या गल्लीच्या इतिहासातली ही अक्कांची पहिलीच वेळ.

त्यांनी पाटीवर बोटं ठेवली. छातीत दिवाळीपासून अडकलेला श्वास एकदम सुटला आणि त्याबरोबर रडूही फुटलं. दिवा लालचा पिवळा झाला, क्षणभर थांबला, आणि हिरवा झाला.

टुण्.

"बाई, मला डाग दिसतोय," अक्का म्हणाल्या. "माझी पाळी जाऊन वर्षं झाली. मला लई भीती वाटती."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. काय काय तपासणार, ते आधी सांगितलं. दुखेल का, किती दुखेल, ते सांगितलं. "मध्येच थांबा म्हणालात तर मी थांबेन. सिस्टर आत असाव्यात असं वाटतं का?" गल्लीतल्या इतक्या पोरींना अक्कांनी या खोलीत आणलं होतं, पण इथं कुणी असं विचारतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी पोरींना ऐकूच दिलं नव्हतं.

सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा बारीकसा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर सरळ बोलल्या. अस्तर जाड झालंय, काही पेशींनी वाकडी वाट धरायला नुकतीच सुरुवात केलीय. पिशवी काढून टाकली की विषय संपला. "अजून वर्षभर लपवलं असतंत, तर मला वेगळ्या आवाजात बोलावं लागलं असतं. आज मी छातीठोक सांगते, तुम्ही बऱ्या होणार."

ऑपरेशन मिरजेला झालं. अक्कांनी नवऱ्याला सांगितलं. तो भला माणूस डोळे पुसून उठला आणि मग डबा घेऊन रोज येत राहिला. गल्लीला एवढंच कळलं, की अक्का बहिणीकडं गेल्यात. पलंगाशेजारी ईश्वरी बसायची, पुस्तक घेऊन.

एकदा अक्कांनी तिला विचारलं, "तू कुणाकुणाला सांगितलंस गं?"

"कुणालाच नाही."

"आईला?"

"नाही."

"सख्ख्या आईला पण नाही? माझी बहीण हाय ती!"

"तू सांग म्हणाली नव्हतीस ना, मावशी." ईश्वरीनं पान उलटलं. "तुझी गोष्ट आहे."

अक्कांनी भिंतीकडे तोंड केलं. टाके ओढत होते म्हणून, असं त्यांनी सिस्टरला सांगितलं. खरं तर त्यांना लाज वाटली होती, आणि त्या लाजेतच असं काही सुख होतं, की ते कुणाला सांगावं असंही वाटेना.

त्यानंतरच्या छायाक्का वेगळ्याच. पोरींना घेऊन जायच्या त्याच, रिक्षा तीच. पण वाटेत बोलायच्या. "सैल कपडे घातलेस, बरं केलंस. शेवटची तारीख लक्षात हाय? लाज वाटली तर लाज वाटते म्हणून सांग, बाई रागवत नाहीत. नको वाटलं तर नको म्हण. सिस्टर आत हवी तर माग. जे असेल ते खरं सांग, त्यांच्या पोटातून बाहेर जात नाही. आणि मला काही सांगू नकोस!" मग दारापाशी बाकड्यावर ठाण मांडून बसायच्या. पाटलांची थोरली सासू एकदा सुनेमागोमाग आत घुसायला निघाली, तर अक्कांनी दारात पाय आडवा घातला. "माझी सून हाय ती!" सासू कडाडली. "असू दे की. छाती तिची तिला हाय," अक्का म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत.

गल्लीनं आधी टर उडवली. लताबाईनं तर अक्कांना नवंच खूळ लागलंय म्हणून सांगितलं. पण हळूहळू असं झालं, की ज्या पोरी दवाखान्याचं नाव काढलं की माळ्यावर जाऊन बसायच्या, त्या आपण होऊन अक्कांचं दार वाजवायला लागल्या. आणि एक दिवस, गल्लीत कुणी नाही असं बघून, लताबाई आली. मान खाली, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. "अक्का, उद्या जरा यशील काय माझ्यासंगं?" अक्कांनी का ते विचारलं नाही. रिक्षावाल्याला मागच्या बोळात बोलावलं.

हिवाळ्यात ईश्वरीची दवाखान्यातली तारीख होती. तिची ती मोठी तपासणी झाली होती आणि आज डॉक्टर नेमकं काय ते सांगणार होत्या. अक्का नेहमीप्रमाणे बाकड्यावर बसल्या. ईश्वरी दारापर्यंत गेली, थांबली आणि मागे वळली.

"मावशी, तू आत चल."

"मी? नको गं बाई. लाल होईल तो. मी हितंच बरी."

"मला एकटीला भीती वाटतेय. चल ना."

अक्का उठल्या. आत जाऊन त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मोबाइल बंद करून डॉक्टरांच्या टेबलावर उपडा ठेवला. नको लाल होऊ, नको रे बाबा, एवढंच मनात चाललं होतं. डॉक्टरांनी पाटी पुढे केली. ईश्वरीनं एकदा मावशीकडे पाहिलं, श्वास सोडला आणि दोन बोटं ठेवली.

टुण्.

हिरवा! हिरवागार! अक्कांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टर मुजावरांनी चष्मा काढून उगाचच पुसला. मग ईश्वरी बोलायला लागली आणि अक्का तिचा हात धरून नुसत्या ऐकत राहिल्या. त्या काय बोलल्या म्हणाल, तर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ईश्वरी काय बोलली, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं. एवढं खरं, की बाहेर येताना पोरगी हसत होती.

गल्लीत शिरताच लताबाई दारात होती. जुनी खोड, एकदम कशी जाणार! "काय गं अक्का, आज कुणाला घेऊन गेलतीस? काय झालं?"

आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी अक्कांच्या जिभेवर होती. माझ्यासमोर उघडलं! मी आत असताना उघडलं! ओरडून सांगावं, साखर वाटावी, असं वाटत होतं. पण ती बातमी ईश्वरीची होती.

"काही नाही गं," अक्का म्हणाल्या. "मेथी ताजी आलीय बाजारात, घेऊन टाक."

त्या संध्याकाळी त्यांनी मेथीची भाजी केली, तव्यावरच्या गरम भाकऱ्या ईश्वरीला वाढल्या, आणि स्वतः पोटभर जेवल्या.